बांबूखालचं बिनपानाचं फूल

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा
कॉलेजातल्या माझ्या ज्युनियर वैशालीनं फोटो पाठवला. बिनपानाचं ऑर्किड. बांबूच्या पाल्याखालून आलेलं, पांढुरकं, बोटभर. तिच्या सासरी, बोडीच्या पाळीवर, म्हणजे शेतातल्या तळ्याच्या बांधावर. मी दर श्रावणात ह्याच्यासाठी नागझिऱ्याकडचे बांबू पालथे घालते. ही पोळ्याला गेली, घरात रेंज नाही म्हणून पाळीवर चढली, आणि दिसलं. "मले तं आधी बुरशीच वाटली, ताई." हिला रान बघायला शिकवलं कोणी? मीच.
'अभिनंदन' लिहिलं. दोनदा खोडून.

२५ ऑ.
कॉलेजात पेढे. स्टाफरूममध्ये प्राचार्य मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही पण जाता ना जंगलात?" जाते. रात्री जेवण गेलं नाही. हे म्हणाले, "फूलच तं आहे. कायले जळून राहिली?"
जळते आहे खरी.

२८ ऑ.
वै.नं स्कूटीवर नेऊन दाखवलं. फूल गळलेलं, नुसता दांडा. ते चालायचंच. पण खालची जमीन लख्ख. पुढच्या फोटोंत कचरा नको म्हणून सासूचा खराटा आणून तिनं पोळ्याच्या अंगणासारखं झाडून काढलं होतं. पाला सगळा बोडीत. "साफ दिसते ना, ताई?"
पानच नाही, तर हे फूल जगतं कशावर? कुजक्या पाल्यातली बुरशी त्याला पोसते. वर्गात हे तीच शिकवते, आनंदात विसरली. मी तोंड उघडलं नाही. आता पुढच्या वर्षी काही येत नाही, असं मनात आलं आणि बरं वाटलं. फार बरं वाटलं.

३० ऑ.
पुढच्या पावसाळ्यात नागपूरचे तज्ज्ञ बघायला येणार. वै. म्हणते, "तुम्ही संगं राहा ना, ताई. मले एकटीले भेव वाटते." हो म्हणाले. मेलीला माझ्यावर एवढा भरवसा.

२ सप्टें.
कॉलेजमागच्या बांबूखालचा ओला, कुजका पाला पोतंभर आणला. त्यात तीच बुरशी असेल का, देव जाणे. हे म्हणाले, "घरात कचरा काहून आणला?"
हा पाला तिथे दांड्याभोवती पसरायचा तर वै.ला सांगावं लागेल, तू काय झाडून टाकलंस ते. आणि फूल परत आलंच, तर पुन्हा पेढे तिचेच.
उद्या सकाळी ती सासरी जाते, माझ्या दारावरूनच. पोतं पायरीवर ठेवलं आहे. स्कूटीचा आवाज आला की हाक मारायची.