सरदारांचं रक्त आणि अडलेलं लग्न

सँ-वूल्फ्रँ, नदीकाठ

ती. एर्मेलिंडताईस,

धाकट्या झेनोंचा नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण गुडघा मला परत उठू देणार नाही.)

तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला? त्यांना फरच्या झाडाचा डिंक गरम दुधातून द्यावा, आणि तुमच्या अमेरिकेतल्या डॉक्टरला त्यातलं काही सांगू नये. थोरल्या नातीचे दिवस भरत आले असतील. एकडोळी मांजर अजून आहे की गेली? इकडे गाय बरी आहे, घोडा बरा आहे. मी बरा नाही, पण ते ओघानं येईलच.

तर ताई, लोहाराची विधवा रोझाल्बा माझ्याशी लग्नाला तयार झाली आहे. या वयात हो म्हणणारी बाई मिळाली, आणि तीही वाटाण्याचं सूप असं करणारी, की चमचा उभा राहावा! ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस लागण्याआधी बार उडवून द्यायचा, असं ठरलं, कारण उपवासात चर्चमध्ये लग्नं लागत नाहीत. पण ती राहते भावाच्या घरी, आणि तिचा भाऊ ओविद तुला माहीतच आहे. (लहानपणी त्याच्या नाकात वाटाणा अडकला होता. माझ्या मते तो अजून निघालेला नाही.) भर जेवणात तो मला म्हणाला, "आमच्या घराण्यात मिलिशियाचा कप्तान होऊन गेला, झेनों. तुमच्यात काय झालं? बटाटे?"

ते मला लागलं. मग अख्खा हिवाळा मी घोडागाडी जुंपून, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या चाळत, या गावच्या चर्चमधून त्या गावच्या चर्चमध्ये हिंडलो. लॅटिन येत नाही, पण मेलेल्या माणसांची नावं कुणालाही वाचता येतात. बापाचा बाप, त्याचा बाप, असं चढत चढत थेट फ्रान्सहून जहाजातून आलेल्या मूळपुरुषापर्यंत पोचलो. तो निघाला सुतार. मी निराश झालो. पण त्याची बायको! राजानं स्वतःच्या खर्चानं इकडे लग्नाला पाठवलेली मुलगी, खानदानी घरची, फक्त घर बुडालेलं. तिचा माग धरून चढलो, तर वर चिलखत घालून कोण बसलेला? मोंफ्लूरचा सरदार ग्वारँ! धर्मयुद्धाला गेला आणि घोड्याशिवाय परत आला. (घोडा आपल्याकडच्या माणसांना कधीच टिकत नाही, हे तर तू पाहिलंच आहेस.) तेव्हापासून मी काठी डाव्या हातात धरून चालू लागलो. (उजवा तलवारीसाठी मोकळा हवा.)

आता एवढी गोष्ट घरात ठेवायची का? रविवारी प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर दवंडीवाला उभा राहतोच. त्याला मी माझी वंशावळ दिली. आधी कुणाचा हातमोजा हरवला ते झालं, मग मृतात्म्यांच्या प्रार्थनांचा खर्च काढायला कुणी दान दिलेल्या डुकराच्या मुंडक्याचा लिलाव झाला, आणि मग सरदार ग्वारँ. लोक टोप्या काढून ऐकत होते. (पहिल्या दोन पिढ्या तरी. मग कान गारठले.) दवंडीवाला एकेक पिढी उतरत खाली आला आणि ओरडला, "यासँत, मिलिशियाचा कप्तान, झेनोंचा पणजोबा!"

गर्दीतून ओविद किंचाळला, "अरे, तो आमचा कप्तान! माझ्या आजीचा बाप!" (कप्तान गावोगावी झाले, ताई. त्याचा तो हाच, हे मला काय ठाऊक!)

पोरं मला "सरदारकाका, तुमचं मुंडकं राहिलं" म्हणून चिडवू लागली. पण आपले पाद्रीबुवा हसले नाहीत. त्यांनी बोटं मोजली आणि मला बाजूला घेतलं. "झेनों, पणजोबा एकच म्हणजे तुम्ही दोघं जवळचे नातलग. बिशपसाहेबांच्या परवानगीशिवाय मला हे लग्न लावता येत नाही. मला कुणी सांगितलं नसतं तर गोष्ट वेगळी. पण तू तर दवंडी पिटलीस, बाबा."

परवानगी यायला ईस्टर उजाडेल. आणि ओविदनं ठरवलंय, की ईस्टर होताच रोझाल्बाला माँट्रियलला तिच्या मुलाकडे धाडायचं, त्याची जुळी सांभाळायला, कायमचं. रोझाल्बा मला एवढंच म्हणाली, "तुम्हाला बटाट्यांवर भागत नव्हतं का हो?"

असो. घराण्याचा अभिमान मोठा, बाकी सगळं क्षुल्लक. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
झेनों

ता. क. तू घरातली थोरली. शेवटी शेवटी आजी तुझ्यापाशीच बोलायची. आपले आजोबा त्या यासँतचे पोटचे नव्हते, टोपलीत सापडले होते, असं ती तुला एकदा म्हणाली होती ना? (आठवत नसेल तर निवांत बसून आठव.) तेवढं दोन ओळींत पाद्रीबुवांना लिही. सरदार गेला तरी चालेल. रोझाल्बा जाता कामा नये.

ता. क. दुसरा. टोपलीतल्या बाळाच्या दुपट्यावर एखादं राजचिन्ह विणलेलं होतं, असं आठवलं तर तेही लिही. जबरदस्ती नाही. पण उत्तर लवकर टाक, उपवास तोंडावर आलेत.