त्याचा रविवार

४ फेब्रुवारी, मंगळवार
नाही म्हणजे नाही! रविवार मी कुणालाही देणार नाही. आज त्याला तोंडावर सांगून टाकलं.
ओळख होऊन जेमतेम अडीच महिने. आमच्या दातांच्या लॅबच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला आला होता. मी कवळ्यांचा डबा घेऊन धापा टाकत चार मजले चढले, तर लिफ्टच्या खड्ड्यातून डोकं काढून म्हणाला, "सॉरी हं, मॅडम." झालं! तेव्हापासून माझं जिथे तिथे 'आम्ही, आम्ही' चाललंय. काल ताईने फोनवर विचारलं, जेवलीस का? मी म्हटलं, "आम्हाला भूक नव्हती." ताई अशी हसली!
बारा वर्षं तिच्या आणि भाऊजींच्या घरी हॉलमध्ये झोपले. आत्ता कुठे स्वतःची खोली मिळालीय. तिथला एकटीचा रविवार कुणाच्याही प्रेमात घालवणार नाही.
तो रागावेल असं वाटलं होतं. "बरं, चालेल," म्हणाला आणि शांतपणे चहा संपवला.

५ फेब्रुवारी, बुधवार
काय गुणी माणूस आहे! दिवसभर गुणगुणत कवळ्यांत दात बसवले. एक सुळा चक्क उलटा लागला.

९ फेब्रुवारी, रविवार
दहाला उठले. खिडकीत बसून चार संत्री खाल्ली. कुणाशी एक शब्द नाही. स्वर्ग!
पाच वाजता सहज मनात आलं — तो काय करत असेल?

१० फेब्रुवारी, सोमवार
"काल काय केलंस?"
"काही नाही. होतो इकडे-तिकडे."
इकडे-तिकडे म्हणजे कुठे? विचारायची सोय मीच ठेवलेली नाही. पण इतक्या पटकन 'चालेल' का म्हणाला?

१६ फेब्रुवारी, रविवार
लिहितानासुद्धा कान तापतायत. मी त्याच्या मागे गेले. हो, मी! तोंडाला ओढणी बांधून, वीस पावलं मागे.
तो गेला तरण तलावावर. मी वरच्या बाकांच्या रांगेत एका खांबाआड दडले. पाटी वाचली — 'ज्येष्ठांसाठी पोहण्याचा वर्ग'. आणि पाण्यात पाच आजी-आजोबा आणि हा! बाराव्या मजल्यावर दोरीला लटकून काम करणारा माणूस, छातीएवढ्या पाण्यात लाकडासारखा ताठ. एक आजी त्याला दटावत होती, "पाय मार रे, पाय!"
तो पोहत निघाला. चार हात मारले, पाचव्याला बुडाला. आणि मी लपलेय हे विसरून जोरात ओरडले, "अहो लिफ्टवाले! पाय!!"
सगळ्यांनी वर पाहिलं. त्यानेही. नाकातोंडातून पाणी येत होतं. हसला नाही. शिडी चढून सरळ आत निघून गेला.
रविवारासाठी एवढी भांडले. आणि त्याच्याच रविवारात घुसले!

१७ फेब्रुवारी, सोमवार
फोन नाही. सुळे सगळे नीट लागले. त्यात काय मजा!

१८ फेब्रुवारी, मंगळवार
जेवणाच्या सुट्टीत त्याच्या वर्कशॉपवर गेले. तो एक मोटर उघडून बसला होता. वर बघेना.
"चुकलं माझं," म्हटलं. पुढे 'पण' जोडायचा फार मोह झाला. जोडला नाही.
कापडाने हात पुसले. "तू रविवार मागितलास ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं," म्हणाला. "मलाही हवाच होता. मागायचा धीर नव्हता."
"मग सांगितलं का नाहीस? पोहायला येत नाही म्हणून मी हसले असते थोडीच?"
"हसण्याचं काही नाही गं. बुडताना फक्त ओळखीचं कुणी बघायला नको होतं."
मी निघाले तेव्हा म्हणाला, "ती आजी विचारत होती, कोण रे ती बाई, आवाज खणखणीत आहे!" आणि मग हसला. हसला!! परत लॅबपर्यंत चालत नाही, तरंगत आले.

२२ फेब्रुवारी, शनिवार
भर दुपारी, बसस्टॉपवर, मी त्याला लग्नाचं विचारलं. मी!
म्हणाला, "विचार करायला जरा वेळ देशील?"
"हवा तेवढा घे," म्हटलं आणि बाकावर बसले. एक बस आली, गेली. दुसरी वळणावर दिसेपर्यंत तो हो म्हणाला होता.