माझ्या टॉवेलाखालचं डोकं

५ एप्रिल, शनिवार

टॉवेल गेला! पांढरा, जाडसर, कडेला निळी पट्टी. सोलापूरहून आणलेला, या घरातला एकमेव सुसंस्कृत टॉवेल! मी डोळ्यांत साबण घेऊन खुंटी चाचपते आहे, आणि खुंटीवर काय? मास्तरांची भोकं पडलेली बनियन. त्या बनियननं तोंड पुसताना पदच्युत राणीचं दुःख काय असतं ते कळलं.

मास्तर म्हणजे माझा नवरा इंद्रभान. चिखलीकडच्या शाळेत चित्रकला शिकवतात, म्हणून सगळं गाव मास्तर म्हणतं. लग्नानंतर मीही तेच धरलं. बाहेर येऊन जाब विचारला, तर चहात टोस्ट बुडवत म्हणाले, "मातीले गुंडाळला."

"माझा टॉवेल?"

"अवं, मातीले चांगलंच कापड लागते. पाणी धरून ठेवते ते."

मला बनियन चालते. मातीला चालत नाही.

६ एप्रिल, रविवार

कालचा राग अर्धाच लिहिला. माती आमच्या घरात असती तर मी काही बोलले नसते. पण घरात जागा नाही, म्हणून माती वंदनाच्या स्टुडिओत, मागच्या खोलीत. म्हणजे माझा टॉवेलही तिकडेच.

वंदना माझ्या वर्गातली. स्टँडसमोर तिचा फोटो स्टुडिओ. जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांचे अर्जावरचे चेहरे तिनेच काढलेत. आता महिनाअखेरीला मास्तरांची मातीची डोकी आणि हिचे फोटो, असं दोघांचं प्रदर्शन! वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. एरवी तिथे सतरंज्या, मोडक्या खुर्च्या आणि सत्कारांतल्या शाली ठेवतात. बॅनर लागला की त्याचं कलादालन होणार.

मी? मी दर रविवारी पेपरात लोकांची टर उडवते. लोक चहाबरोबर हसतात आणि सोमवारी त्याच कागदात भजी बांधतात. त्याचं कोणी प्रदर्शन भरवत नाही.

९ एप्रिल, बुधवार

बॅनर आला. 'इंद्रभान आणि वंदना'. अक्षरं सारखीच मोठी. मध्ये 'आणि'. लग्नपत्रिकेत असतो तसला!

१० एप्रिल, गुरुवार

भाजी आणायच्या निमित्ताने स्टुडिओत डोकावले. निमित्त लागतं, हेच किती वाईट.

त्यांची काम करायची पद्धत बघितली. माणसाला फिरत्या स्टुलावर बसवायचं. वंदना स्टूल थोडं थोडं फिरवत चारी बाजूंनी फोटो काढणार. मग ते फोटो भिंतीला चिकटवून मास्तर मातीत डोकं घडवणार. वाळलं की कुंभाराच्या भट्टीत. प्रदर्शनात डोकं मध्ये आणि त्याचेच फोटो भोवती.

मला मान्य करायला नको आहे, पण डोकी जिवंत आहेत. कोर्टासमोर अर्ज लिहून देणारे रंगराव: चष्म्याच्या वरून बघणारे. बघताच वाटलं, आता म्हणतील, "बाई, इथं सही." भाजीवाली झुंबरबाई: गालात तंबाखू आहे हे मातीतही कळतं.

कोपऱ्यात एक मात्र झाकलेलं. वर माझा टॉवेल, निळी पट्टी कपाळावरून गेलेली.

मी हात पुढे केला, तर दोघं एकदमच ओरडली! "नको!"

मास्तर म्हणाले, "ओलं हाय ते अजून."

वंदना हसली. नुसती हसली नाही, त्यांच्याकडे बघून हसली. हे वेगळं नोंदवून ठेवते.

१३ एप्रिल, रविवार

झुंबरबाई मला भाजी द्यायचं सोडून गिऱ्हाइकांना गोळा करून सांगत होती. "माह्यं मुंडकं केलं माय मास्तरनं! नाक लय मोठं केलं म्हून मी भांडली. तं म्हनतात, झुंबरबाई, तुमचं हायेच तेवढं!" मग माझ्याकडे वळून, "तुमचं केलं अशीन न बाई? पहिलं तुमचंच केलं अशीन."

मी कोथिंबिरीत तोंड घातलं. "ताजी नाही वाटत," म्हणाले.

माझं केलं नाही. मला कोणी स्टुलावर बसवलं नाही. रंगराव बसले, स्टँडवर गाड्या पुकारणारा बसला, वंदनाची घरमालकीण बसली. तिची तर मानही नाही, हनुवटी थेट खांद्यावरच ठेवलेली आहे!

मग टॉवेलाखाली कोण? दोघांनी मिळून लपवायचं असं कोण?

मला माहीत आहे कोण. कॅमेऱ्यामागे उभी राहणारीला कोणीतरी एकदा पुढे बसवणारच.

१८ एप्रिल, शुक्रवार

लेख लिहिला. 'मुंडक्यांचा बाजार'. असा लेख मी कित्येक दिवसांत लिहिला नव्हता! डोकी, फोटो, सतरंज्यांचं कलादालन, कोणालाच सोडलं नाही. वंदनाबद्दल लिहिलं की या बाईने आयुष्यभर लोकांना 'हलू नका' सांगितलं, आणि शेवटी एकाने तिचं खरंच ऐकून त्यांची मातीच केली. वाचून स्वतःच हसले. मग जरा वेळ बरं वाटेना.

आमचा शुक्रवारचा एक नेम आहे. लेख झाला की मी तो मोठ्याने वाचून मोबाईलवर रेकॉर्ड करते आणि मास्तरांना पाठवते. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून ते ऐकतात. उत्तर एकाच शब्दाचं. 'बरा.' नाहीतर 'लांबला.' एकदा 'हसलो' आलं होतं, ते मी अजून पुसलेलं नाही.

आज पाठवला नाही. घरी आल्यावर चप्पल काढता काढता विचारलं त्यांनी, "आज काही आलं नाही ऐकाले?"

"झाला नाही अजून."

"अस्सं." आणि उगाच खिशातला मोबाईल काढून एकदा बघितला, परत ठेवला.

२० एप्रिल, रविवार

मास्तरांना परीक्षेच्या कामासाठी खामगावला जावं लागणार. बुधवारी परत. वंदना लग्नाच्या ऑर्डरसाठी वरवट बकालला. स्टुडिओची चावी माझ्या हातात!

"सकाळ-संध्याकाळ टॉवेलवर पाणी शिंपडजो. ऊन लय तापून राह्यलं. उघडू नको मात्र."

"आणि नाही शिंपडलं तर?"

"तडकते." जरा थांबून म्हणाले, "तू शिंपडशीन."

हा भरवसा आहे की गृहीत धरणं, हे इतक्या वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

२१ एप्रिल, सोमवार

सकाळी गेले. शिंपडलं. उघडलं नाही. स्वतःचं कौतुक वाटलं.

संध्याकाळी उघडलं.

वंदना नाही. मी नाही. मास्तर स्वतः!

मी तिथल्या फिरत्या स्टुलावरच बसले. कान थोडा पुढे, मान डावीकडे कललेली, डोळे अर्धे मिटलेले, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटायच्या बेतात. असा चेहरा! हा माणूस घरात जेवतो, घोरतो, गॅसची टाकी लावतो. हा चेहरा मात्र मी घरात शेवटचा कधी बघितला, आठवून आठवेना.

आणि भिंतीवर फोटो, त्या दिवशी नव्हते ते. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, पाठमोरा सोडला तर सगळ्यांत तेच हसू. कोणी काढले ते विचारायलाच नको. म्हणजे मास्तर या स्टुलावर बसले होते, समोर वंदना होती, आणि चेहरा असा झाला होता.

तिचं डोकं सापडलं असतं तर परवडलं असतं. त्यावर लेख तरी लिहिता आला असता.

टॉवेल परत गुंडाळला. पाण्याचा तांब्या भरलेला होता. तो तसाच ठेवून कुलूप लावलं.

२२ एप्रिल, मंगळवार

गेले नाही. दिवसभर घर आवरलं. माळाही काढला. ऊन असं की पाखरंही बोलत नव्हती. दर थोड्या वेळाने चावीकडे बघत होते.

२३ एप्रिल, बुधवार

मास्तर खामगावहून थेट स्टुडिओत गेले. घरी आले तेव्हा काखेत टॉवेल, पापडासारखा कडक.

"ऊन लय होतं, नाही?" म्हणाले.

मी म्हटलं, "हो."

बस, एवढंच. मग स्वतः मोरीत बसून टॉवेल धुतला, माती निघेपर्यंत चोळला, वाळवला आणि संध्याकाळी माझ्या खुंटीवर आणून लावला. "घे. आता त्याचं काम नाही."

त्यांनी आरडाओरडा करावा म्हणून मी स्वयंपाकघरात भांडी आपटली. नाही केला.

२५ एप्रिल, शुक्रवार

टॉवेल खुंटीवर आहे. मी बनियननंच तोंड पुसते आहे. 'मुंडक्यांचा बाजार' फाडला. संपादक कुलदीपला पंख्यांवरचा एक जुनाच लेख रंगरंगोटी करून दिला. तो म्हणाला, "ताई, पाणी कमी पडलं यात." मेल्या, तुला काय माहीत!

२७ एप्रिल, रविवार

उद्घाटन. हॉल भरला. झुंबरबाई आपल्या डोक्याशेजारी उभी राहून लोकांना दोन्ही नाकं ताडून बघायला सांगत होती. रंगराव नवा चष्मा घालून आले, तर मूर्तीशी जुळेनात, म्हणून खिशातून जुना काढून लावला.

मास्तरांचं डोकं शेवटी, खिडकीजवळ. कानामागून निघालेली भेग गालावरून थेट त्या हसण्यापर्यंत आलेली. बुजवली नव्हती. भोवती फोटो, अखंड चेहऱ्याचे. त्यामुळे भेग आणखीच दिसत होती.

प्रमुख पाहुणे एक निवृत्त प्राचार्य. भेगेसमोर हात मागे बांधून उभे राहिले. "वा! आजच्या माणसाचं दुभंगलेपण! ही भेग म्हणजेच शिल्पाचा आत्मा. कशी साधली, मास्तर?"

मास्तर शांतपणे म्हणाले, "मी नाही साधली, साहेब. माती माही हाय. भेग घरच्यायची."

लोक हसले. प्राचार्यही हसले. घरच्या मात्र चहाचे कप मोजू लागल्या.

माहीत आहे त्यांना. तेव्हापासूनच.

आणि तरी मी त्या फोटोंकडे बघून जळतच होते. भेग पाडूनही ते हसू माझं झालं नव्हतं.

२८ एप्रिल, सोमवार

प्रदर्शन उतरवलं. मास्तर झुंबरबाईचं डोकं पोत्यात गुंडाळून तिच्या दुकानावर द्यायला गेले. हॉलमध्ये वंदना आणि मी. ती भिंतीवरून फोटो काढत होती, मी खिळे गोळा करत होते. शेवटी बोललेच.

"काय दाखवत होतीस गं त्यांना? इतकं हसायला?"

"मी?" ती स्टुलावरून खाली उतरली. "अवं बाई, मास्तर लय अवघड गिऱ्हाईक! कॅमेरा दिसला का तोंड असं, कोनी कर्ज मांगून राह्यलं जसं. दोन दिवस वाया गेले. मंग मीच म्हटलं, मास्तर, तुमचा तो शुक्रवारचा लावा. मंजूचा."

मंजू म्हणजे मी.

"लग्नपत्रिकेवरचा होता. ते 'निमंत्रकांची नावं मतदारयादीवरून घेतली असावीत' म्हनलं न तू, ते आलं का हा असा चेहरा! तितंच काढले सारे. चार खेपा लावला. मलेबी पाठ झाला तुहा लेख."

"मग मला का नाही दाखवलंत?"

"तुले उद्घाटनालेच दाखवू म्हनत होते." तिनं फोटो छातीशी धरले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी तीस वर्षं लोकायले सांगून राह्यली, इकडे पाहा, इकडे पाहा. पाहतात. पन असं कोनी आइकत नाही वं माह्यं."

मी तिच्या हातातले अर्धे फोटो घेतले आणि स्टुडिओपर्यंत नेऊन पोचवले.

२ मे, शुक्रवार

सकाळी मास्तर गाडीला गेल्यावर वंदनाकडून स्टुडिओची चावी मागून घेतली. मागच्या खोलीत मातीचा नवा गोळा, अजून नाक ना डोळे. वर नुसतं पोतं टाकलेलं. कोणाचं डोकं आहे ते विचारलं नाही. पोतं काढलं, खुंटीवरचा टॉवेल नेला होता तो भिजवला, पिळला, नीट गुंडाळला, निळी पट्टी कपाळावरून. संध्याकाळी परत जाऊन शिंपडून आले. माझ्याकडे तेवढं पाणी राहिलं होतं.