शनिवारचे मासे

८ फेब्रुवारी, शनिवार

आणखी एक गेला! चहाचं आधण ठेवून बाहेरच्या खोलीत आले, तर पोट वर करून तरंगत होता. मागच्या शनिवारी एक, आज एक. दोन वर्षं सगळे ठणठणीत होते, आताच काय धाड भरली यांना?

ही टाकी नवऱ्याने आणली, मी नोकरी सोडली त्याच आठवड्यात. सासरेबुवा पडले होते, कुणीतरी घरी राहायला हवं होतं. कुणीतरी म्हणजे मी. "तुला घरात करमेल गं!" पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं काढलेल्या बाईला पाण्याची पेटी भेट! बाबा आता छान हिंडतात-फिरतात. मी मात्र घरातच.

१० फेब्रुवारी, सोमवार

मासेवाला म्हणतो, "ताई, खायला कमी घाला, लोक लाडाने मारतात." मी चिमटीभर घालते, तेही दिवसातून एकदा!

नवऱ्याचं निदान वेगळं — "गुरुवारी तू बाहेर असतेस ना, त्यांना चैन पडत नाही." हसत म्हणाला. मला हसू आलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

माझा तिसरा गुरुवार! प्रयोगशाळेतल्या जुन्या मॅडम म्हणाल्यात — आठवड्यातून एक दिवस येऊन बघ, जमलं तर कायमची घेते. नळ्या, बाटल्या, तोच नाकात जाणारा वास. दिवसभर कुणी "माझा टॉवेल कुठंय?" विचारलं नाही. मॅडमना विचारून अमोनिया तपासायचे थेंब घरी आणले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दोन गेले. उरले पाच.

थेंब टाकले. पाणी पिवळं राहायला हवं, ते हिरवंगार झालं. म्हणजे अमोनिया, माशांच्याच घाणीतून होणारं विष. पण एवढं कसं? आणि शनिवारीच का?

नवरा कपाळाला आठ्या घालून उभा. "चार मासे सांभाळता येत नाहीत आणि निघाली नोकरीला! आजपासून महिनाभर एकही मरता कामा नये. मेला, तर नोकरीचं नाव काढायचं नाही." मी "बरं" म्हणाले. का म्हणाले? त्याच्यापुढे माझी दातखीळ का बसते, देव जाणे! दुपारभर स्वतःचाच राग राग केला.

पाचांत एक आहे, हवालदार — दिवसभर या काचेपासून त्या काचेपर्यंत गस्त घालतो. तो तरी वाचायला हवा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सापडलं!!

प्रयोगशाळेत वीज गेली, दुपारीच परत आले. स्वयंपाकघरात बघते तर सासरेबुवा — बाह्या सारून नळाखाली टाकीच्या फिल्टरचा स्पंज खसाखसा धुताहेत! निळाशार निघाला होता. तो मुळात निळा आहे हे मी विसरूनच गेले होते.

"तू दमून येतेस गं. म्हटलं, तेवढंच एक काम कमी. दर गुरुवारी करतो की!"

हसू की रडू कळेना. त्या तपकिरी घाणीतच तर जिवाणू असतात, तेच अमोनिया पचवतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतात, आणि दोन दिवसांत टाकीत विष. म्हणून मी स्पंज नेहमी टाकीतल्याच पाण्यात पिळते. हे सगळं सांगितल्यावर बाबांचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे मीच मारले?"

"माझ्यासाठी केलंत ना, बाबा," म्हटलं आणि त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

जेवताना नवऱ्यालाही सांगितलं. त्याने चक्क मन लावून ऐकलं! दोनदा विचारलं, "नुसत्या नळाच्या पाण्याने?" माझ्या कामातलं काही त्याने कधी विचारलं नव्हतं. बरं वाटलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस टाकीतलं पाणी थोडं थोडं काढून, क्लोरीन उडून गेलेलं साठवणीचं पाणी घालत बसले. पाचही जिवंत!

१ मार्च, शनिवार

पाच.

८ मार्च, शनिवार

पाच. थेंब पिवळे. हवालदार अंगाने भरलाय.

१० मार्च, सोमवार

बाबा आठवडाभरासाठी नणंदेकडे गेले. निघण्याआधी मला फिल्टर उघडायला लावला, स्पंज नीट बघून घेतला. "बघ, तपकिरी आहे! मी हात लावलेला नाही हो!" खूप हसलो.

१२ मार्च, बुधवार

पत्र आलं! सोमवारपासून रोज, नऊला हजर. नवऱ्याने दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं. "शनिवार जाऊ दे आधी," म्हणाला. जाईल की! तीन दिवस तर राहिले.

१३ मार्च, गुरुवार

याचं डोकं दुखतंय, कामावर गेला नाही. मी गेले.

१५ मार्च, शनिवार

तीन गेले. हवालदारही.

थेंब टाकले, हिरवेगार. फिल्टर उघडला. स्पंज निळाशार.

मी धुतलेला नाही. बाबा इथे नाहीत.

हा मागून म्हणाला, "अरेरे! मग सोमवारचं काय कळवतेस त्यांना?" माझ्या हातात स्पंज होता. त्याने तिकडे बघितलंही नाही.