गावाच्या खर्चाने दाढ

१८ फेब्रुवारी
दाढ ठणकतेय. म्हणजे, आहे एवढं जाणवतंय. डॉक्टरकडे जाणार नाही. भीती नव्हे, धोरण! मार्चच्या गावसभेत ठराव येतोय: आग विझवणाऱ्या आम्हा बिनपगारी मंडळींच्या मोठ्या आजारपणाचा आणि दातांचा खर्च गावाने उचलायचा. तोवर कळ काढायची. दलाचा चीफ मी, तेव्हा भाषण मीच करणार.

२० फेब्रुवारी
खरी गरज दलातल्या टॅबिथाला. गोठ्याच्या आगीत पाण्याच्या नळीचं पितळी तोंड उसळलं आणि पोरीचे पुढचे दोन दात गेले. भाषणात तिचं नाव घेईन. माझ्या दाढेचंही, ओघाओघात. तीही ड्यूटीवरच तुटली. मक्याच्या लाह्या खाताना. पण आगीची वर्दी देणारा पेजर कमरेला होता. लॉर्ना म्हणाली, ऑर्विल, तू सोफ्यावर लोळत होतास. बायकोला नियमातलं कळत नाही.

२६ फेब्रुवारी
लॉर्नाला भाषण वाचून दाखवलं. ती मध्येच कोंबड्यांना दाणे टाकून आली. मी अजून भाषणातल्या जुन्या पुरातच होतो.

१ मार्च
गाल सुजला. एका बाजूने भारदस्त दिसतो. दुकानात एल्डन भेटला. ठरावाचा कट्टर विरोधक. म्हणाला, काय चीफ, गालात बटाटा लपवलायस का? तुच्छतेने हसायला गेलो. डोळ्यांत पाणी आलं.

५ मार्च, मंगळवार. संध्याकाळ
गावसभेत अध्यक्षबाईंनी ठराव पुकारला. मी उठलो, खाकरलो, आणि आम्हा सगळ्यांचे पेजर एकदम किंचाळले. चर्चच्या स्वयंपाकघरात धूर! आमची सगळी हक्काची मतं खुर्च्या उलथवत पळाली. टॅबिथा सगळ्यांच्या पुढे.
आग कसली! सभेच्या जेवणाच्या बीन्स करपल्या होत्या. पातेलं बर्फात फेकलं. परत येतो तर मतदान उरकलेलं.
मंजूर! एकमताने! एल्डन म्हणाला, दात पडलेली पोर तशीच पळताना पाहिली, हात आपोआप वर गेला. आणि तू बोलला असतास ना चीफ, तर परत खाली आणला असता.
एक दुरुस्ती मात्र जोडलीय. इजा कामावरच झालेली हवी. कुणीतरी विचारलं म्हणे, मग चीफच्या दाढेचं काय? लॉर्ना उभी राहिली. सगळं सांगितलं. लाह्यांसकट, सोफ्यासकट.
तरीच चर्चपर्यंत हशा आला. मला वाटलं, आमचं कौतुक चाललंय.

१२ मार्च
दाढ काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिन्यापूर्वी आला असतात तर वाचली असती. पैसे माझे. भाषण जपून ठेवलंय.

९ एप्रिल
टॅबिथाचे नवे दात बसले. गावाच्या खर्चाने. बंबाच्या पायरीवर बसून सगळ्यांदेखत सफरचंदाचा कचकन लचका तोडला. टाळ्या पडल्या. म्हणाली, घ्या चीफ, अर्धं तुमचं, तुम्हीच तर लढलात. छाती फुगली. सफरचंद खिशात घातलं.
घरी लॉर्नाने किसून दिलं.