गुरुवारची बातमी

पुनावळे, शुक्रवार

अण्णा,

तुम्ही चाकणला शिफ्टला गेलायत, तोवर लिहून टाकते. हे तुम्हाला देणार नाही.

दर गुरुवारी तुमच्या कंपनीला सुट्टी आणि घरी माझी परीक्षा. तुम्ही दुधाबरोबर इंग्रजी पेपर आणायचा, मी मोठ्याने वाचून मराठीत अर्थ सांगायचा. बी.ए. इंग्लिशची तीन वर्षं मी गाईडवर काढली. वाचताना अडलं की मनाला येईल ते ठोकून द्यायचे. एकदा पाणीकपातीच्या बातमीत मी नवी पाइपलाइनच टाकली. तुम्ही मान डोलावलीत आणि संध्याकाळी गुपचूप पिंप भरून ठेवलंत. मला वाटलं, सवय.

काल चाकणच्या ट्रॅफिकची बातमी मी शेवटपर्यंत वाचली, पदरचं काहीही न घालता. तुम्ही कप खाली ठेवून म्हणालात, "आज जुळलं की गं. टपरीवर मराठी पेपरात हेच होतं. दर गुरुवारी वाचूनच येतो मी."

लाज वाटायला हवी होती. पण इतकं हलकं वाटलं, की पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या परीक्षेचीही धास्ती गेली.

एवढंच तोंडाने सांगेन: येत्या गुरुवारी मराठी पेपरही घरी आणा. टपरीवर उभ्याने वाचायला नको.

तुमची लेक,
वर्षाली