शोभाचा खोकला

नागपूर, शुक्रवार, ९ ऑगस्ट १९७४

माझ्या सातवीच्या वर्गातली शोभा आठवडाभर आली नाही, म्हणून आज तिच्या घरी गेले. बाप कामाला होता ती कापडगिरणी बंद पडल्यापासून घर विड्यांवर चाललंय. मांडीवर सूप घेऊन शोभा भराभर विड्या वळत होती, खोकत होती. हा खोकला शाळा उघडल्यापासून ऐकतेय मी. तेव्हाच का नाही विचारलं?

“दवाखान्यात नेलं का?”

“अख्खा दिवस जाते बाई तिथं,” आई म्हणाली. “हिचा हात थांबला तं चूल थांबते.”

शोभा पुन्हा खोकली. मी म्हटलं, सोमवारी मीच नेते.

आईनं कातरलेली विडीची पानं शोभाच्या सुपात टाकली. मग हळूच म्हणाली, “न्या. पन डॉक्टरनं काम बंद करा म्हटलं, तं ते मले सांगू नका.”

आणि मी ‘बरं’ म्हणून आले.